शाळेच्या अंगणातील सामान आणि वादळी वारा



३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ११० ते १२० किलोमीटर होता. अनेक शाळांचे पत्रे त्यात उडाले. छपराची मजबुती हे कारागिराचे काम होय. परंतु अंगणातील बाके, फळे व पिंपे यांची व्यवस्था शिक्षकाच्याच हाती असते.

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किलोमीटर वेगाचा वारा समोरील एक चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे १७ किलोग्रॅम वजनाइतका रेटा देतो. वेग दुप्पट होताच हा रेटा चौपट, म्हणजे सुमारे ६८ किलोग्रॅम होतो. अशा वेळी भिंतीस टेकवलेला फळा शिडाप्रमाणे वारा धरतो आणि उडाल्यास एखाद्या बालकाच्या जिवावर बेततो.

म्हणून जे उचलता येते ते प्रथम खोलीत न्यावे. फळा, घडीच्या खुर्च्या, कुंड्या व सुटे पत्रे बाहेर राहू देऊ नयेत. जड बाके भिंतीच्या आडोशास उलटी करून एकमेकांस काथ्याच्या दोराने बांधावीत. काथ्या ओलाव्याने लवकर कुजत नाही. दोर जमिनीतील खुंटीस बांधावयाचा असल्यास खुंटी तिरपी ठोकावी. तिचे डोके सामानापासून दूर कललेले असावे आणि दोर जमिनीलगत बांधावा. जुन्या झाडास किंवा ध्वजस्तंभास सामान बांधू नये. रिकामे पिंप वाऱ्याबरोबर गडगडत जाते. २०० लिटरचे तेच पिंप पाण्याने भरले की २०० किलोग्रॅमहून जड होते. पत्र्यावर सुटे दगड ठेवण्याची रीत मात्र सोडावी. पत्रा उचलला गेला की तो दगडच खाली कोसळतो.

वळवाचा वारा पुष्कळदा शाळा बंद असताना येतो. यास्तव हे काम उन्हाळी सुटी लागण्यापूर्वीच उरकावे आणि किल्ली कोणाकडे आहे हे गावात सांगून ठेवावे. वारा सुटल्यावर मात्र सामानासाठी कोणीही बाहेर धावू नये. चक्रीवादळात मध्येच वारा पडला तरी तो फसवा असू शकतो. काही वेळाने तो उलट दिशेने येतो.

वरच्या वर्गातील मुलांकडून सामानाची यादी करवून घ्यावी आणि दाबाचे गणित सोडवून घ्यावे. वर्गात शिकलेली ही सावधगिरी मुलांबरोबर घरोघर पोहोचेल. बाक मोडले तर नवे करता येते. मुलाच्या जिवाची भरपाई नाही, एवढे ध्यानी असावे.