आधी मोजा, मग बदला : आमच्या पद्मिनीचा डायनॅमो

आजचा भाग कोडिंगवर नाहीये. आज बोलायचंय आमच्या घरच्या प्रीमियर पद्मिनीबद्दल. मूळची ती फियाट ११००, त्यामुळे बाबा अजूनही तिला 'फियाट'च म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी मी हौसेनं तिच्यात एकेक गोष्ट वाढवत गेलो. हॅलोजन हेडलाइट, म्युझिक सिस्टिम, मोबाइल चार्जर आणि रेडिएटरला इलेक्ट्रिक पंखा. बाबा म्हणाले, "अरे, गाडी चालतेय ना नीट? मग कशाला?" मी ऐकलं नाही.

जुलैमध्ये पुण्याहून साताऱ्याला निघालो. रात्र, धो धो पाऊस, आणि खंबाटकी घाटात ट्रॅफिक जॅम. गाडी मुंगीच्या वेगानं पुढे सरकतेय. हळूहळू हेडलाइट पिवळे पडले, वायपर रेंगाळायला लागला, आणि एका वळणावर इंजिन बंद! सेल्फ मारला तर नुसतं 'टक'. मागून ट्रक येतायत आणि आमचे टेललाइट जेमतेम मिणमिणतायत. पासष्टीचे बाबा भिजत मागे उभे राहून टॉर्च हलवत होते. तो अर्धा तास मी विसरणार नाही.

घरी आल्यावर मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. वही घेऊन बेरीज मांडली. हेडलाइट आणि बाकीचे दिवे मिळून ११ अँपिअर, इग्निशन ४, वायपर ४, पंखा ८, म्युझिक आणि चार्जर ४. झाले ३१. आणि आमचा डायनॅमो देणार वीसएक, तेही इंजिन जोरात फिरत असताना. आयडलला जवळजवळ काहीच नाही. म्हणजे घाटात सगळा भार एकट्या बॅटरीवर होता. ऑफिसात सर्व्हरचा लोड मोजल्याशिवाय आम्ही काही लाइव्ह करत नाही, आणि घरच्या गाडीत मात्र...

मग अल्टरनेटर. गंमत म्हणजे गॅरेजमध्ये त्यालाही डायनॅमोच म्हणतात, त्यामुळे मागताना नीट सांगा! डायनॅमोत सगळा करंट फिरत्या कम्युटेटरवरून ब्रशमधून बाहेर येतो, म्हणून तो फार वेगानं फिरवता येत नाही. अल्टरनेटरमध्ये मोठा करंट स्थिर भागातून निघतो. ब्रशमधून जातो तो फक्त फील्डचा थोडासा. त्यामुळे लहान पुली लावून तो जास्त वेगानं फिरवता येतो, आणि आयडललाही चार्जिंग मिळतं.

मी ४५ अँपिअरचा, आतच रेग्युलेटर असलेला घेतला. ब्रॅकेट बनवून घेतली, पुली इंजिनच्या पुलीच्या रेषेत आणली, जुना कटआऊट सर्किटमधून काढला. आणि इथे माझी मोठी चूक झाली. बॅटरीकडे जाणारी वायर जुनीच ठेवली. बॅटरी उतरलेली होती, तिनं करंट ओढला आणि दहा मिनिटांत प्लास्टिक जळल्याचा वास! बाबांनी धावत जाऊन बॅटरीचं टर्मिनल काढलं, तेही आधी इंजिन बंद करून. चालू इंजिनवर बॅटरी सोडवली तर व्होल्टेज उसळून डायोड जाऊ शकतात. हे त्यांना ठाऊक होतं, मला नव्हतं.

आता १० स्क्वेअर एमएमची नवी केबल आहे, बॅटरीजवळ फ्यूज आहे, हेडलाइट आणि पंख्याला रिले आहेत. चार्जिंगचा लाल दिवा मात्र काढू नका. बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्याच दिव्यातून मिळतो. आणि काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थिंग असतं, ते आधी तपासा. उलटं जोडलंत तर डायोड गेलेच समजा.

आज आयडलला दिवे आणि वायपर लावून मीटर १३.६ व्होल्ट दाखवतो. पंखा सुरू झाला की थोडा उतरतो, जरा रेस दिली की परत चढतो. जादू नाहीये, पण हिशोब जुळतो.

जुना डायनॅमो बाबांनी पुसून, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. "कधी मूळ रूपात आणायची झाली तर," म्हणाले. मी या वेळी 'कशाला?' असं विचारलं नाही.

तुमच्या जुन्या गाडीत काही वाढवलं असेल, तर आज संध्याकाळी वही घ्या आणि बेरीज करा. भेटूया पुढच्या भागात!