कामगार भरपाईचा विमा आणि लहान कारखानदार



आज मला बोलायचं आहे ते भोसरी, वाळूज, सातपूर, गोकुळ शिरगाव अशा वसाहतींत पंधरा-वीस माणसांचं शॉप चालवणाऱ्या कारखानदारांशी. मोठ्या कंपन्यांत विम्याचं काम पाहायला वेगळा विभाग असतो. तुमच्याकडे तुम्ही, तुमचा अकाउंटंट आणि वर्षातून एकदा नूतनीकरणाला येणारा एजंट. तो आला की तुम्ही कामगार भरपाईच्या, म्हणजे डब्ल्यू.सी. पॉलिसीबद्दल म्हणता, "डब्ल्यू.सी.चा हप्ता काही कमी होतो का बघा." आणि तो बघतोही. कसा, ते पुढे सांगतो.

आधी मस्टर समोर घ्या. दहा किंवा अधिक माणसं असतील तर महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेला प्रत्येक जण ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, असायला हवा. मालकाचा वाटा पगाराच्या 3.25 टक्के, कामगाराचा 0.75. जुलै 2019 पूर्वी मालकाला 4.75 टक्के भरावे लागत. कामावर इजा झाली तर उपचार, रजेच्या काळात रोजच्या पगाराच्या नव्वद टक्के, कायमचं अपंगत्व आलं तर पेन्शन, हे सगळं ईएसआय देतं. ज्याला हे मिळतं त्याला त्याच इजेसाठी मालकाकडे वेगळी कायदेशीर भरपाई मागता येत नाही. तरीही याच माणसांची नावं डब्ल्यू.सी. पॉलिसीत असतात आणि वर्षानुवर्षं दोन्हीकडे पैसे जात राहतात. ती नावं काढा. पॉलिसी उरते ती 21,000 च्या वर पगार घेणाऱ्यांसाठी, म्हणजे सुपरवायझर, मेंटेनन्सचा जुना फिटर, डायमेकर यांच्यासाठी. हप्ता सरळ मार्गाने कमी होण्याची सर्वांत मोठी जागा हीच आहे, आणि तिला एक रुपयाही खर्च नाही.

याच्या उलट एक सवय आपल्याकडे घट्ट रुजलेली आहे. नवा पोरगा आला की "पंधरा दिवस बघू, टिकला तर नाव घालू." आणि हात जातो तो नेमका नवशिक्याचा. नोंदणीच नसेल तर ईएसआय त्याला दिलेल्या लाभाचा खर्च मालकाकडून वसूल करू शकतं. ज्या दिवशी माणूस मशीनवर उभा राहील त्याच दिवशी नाव घाला.

आता पॉलिसीत राहिलेल्यांचा हिशोब. 1923 चा भरपाई कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, पण सूत्र जुनंच आहे. मृत्यू झाला तर पगाराचे निम्मे, कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर साठ टक्के, आणि त्याला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचं. पगार कितीही असो, 2020 पासून हिशोबाला महिना 15,000 रुपयांपर्यंतच धरतात. तीस वर्षांच्या माणसासाठी गुणक 207.98 आहे. म्हणजे मृत्यूची भरपाई 15,59,850 रुपये. त्याच माणसाचा अंगठा तुटला तर कायदा तीस टक्के क्षमता गेली असं मानतो, आणि रक्कम होते 5,61,546. एका हाताची चारही बोटं गेली तर 9,35,910. वय कमी तितकी रक्कम मोठी. आणि प्रेसवर आपण कुणाला उभं करतो? शॉपमधल्या सगळ्यांत तरुण पोरांना.

एजंट हप्ता कमी करतो तो असा. हप्ता ठरतो तुम्ही कळवलेल्या एकूण पगारावर आणि कामाच्या धोक्यावर. मग सोळा माणसांची अकरा होतात, पगार निम्मे होतात, प्रेस ऑपरेटर कागदावर पॅकिंगला जातो. वर्ष बिनअपघाताचं गेलं तर कुणाला काही कळत नाही. दावा आला की विमा कंपनीचा तपासनीस मस्टर, बँकेतून गेलेले पगार आणि हजेरीच्या मशीनची नोंद मागतो. कंपनी जाहीर केलेल्या पगारावरच हिशोब करू पाहते, आणि सक्षम प्राधिकाऱ्याने (पूर्वीचे भरपाई आयुक्त) खऱ्या पगारावर ठरवलेल्या भरपाईतला फरक मालकाच्या खिशातून जातो. वाचलेले चार पैसे आणि हा फरक शेजारी शेजारी मांडून बघावेत असं मी ज्यांना सुचवतो, ते बहुतेक हसून विषय बदलतात. त्यात नव्या संहितेत भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग पगारातच धरला जातो. म्हणजे बेसिक लहान ठेवण्याची युक्तीही आता चालत नाही. घर ते कारखाना या वाटेवरचा अपघातही कामाशी संबंध दिसला तर भरपाईत येतो. तुमच्या जुन्या पॉलिसीत तो बसतो का, हे एजंटला लेखी विचारा.

प्रेसपाशी थोडं थांबतो. बऱ्याच पॉवर प्रेसना दोन हातांची बटणं असतात. दोन्ही एकदम दाबली तरच रॅम खाली येतो, त्यामुळे हात डायमध्ये राहूच शकत नाही. रात्रपाळीला कधीतरी जाऊन बघा. एका बटणात काडीपेटीची काडी खोचलेली असते किंवा वर चिकटपट्टी मारलेली असते, कारण एक हात मोकळा राहिला की तासाला नग जास्त निघतात. हे ऑपरेटरला सुचलेलं असतं, सुपरवायझरला ठाऊक असतं आणि मालकाला नको असतं, पण नगांचा आकडा मात्र हवा असतो. अपघात झाल्यावर मालक म्हणतो, "त्यानेच काडी घातली, माझा काय दोष?" मुद्दाम गार्ड काढल्याचा बचाव कायद्यात आहे, पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तो चालत नाही. बाकी प्रकरणांत तो सिद्ध करावा लागतो, आणि सुपरवायझरच्या डोळ्यांदेखत महिनोन् महिने काडी घातलेली असेल तर तो सिद्ध होणं अवघड. ज्या सुपरवायझरची पगारवाढ फक्त उत्पादनावर ठरते, तो ती काडी कधीच काढणार नाही. हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशपडद्याचा सेन्सर बसवणार असाल तर त्याच्या पॅनलची चावी अशा सुपरवायझरकडे देऊ नका.

ठेकेदाराची माणसं हा दुसरा खड्डा. तुमच्या नेहमीच्या कामातलं काम ठेकेदाराच्या माणसाकडून करून घेतलंत आणि त्याला इजा झाली, तर तो भरपाई थेट तुमच्याकडे मागू शकतो. नंतर ठेकेदाराकडून वसूल करण्याचा हक्क तुम्हाला आहे, पण तोपर्यंत मुकादमाचा फोन लागेनासा झालेला असतो. म्हणून गेटपास देण्याआधी ठेकेदाराची पॉलिसी बघा. तारीख संपलेली नाही ना, माणसांची संख्या जुळते का, तुमच्या कामाचा प्रकार त्यात लिहिला आहे का. पावसाळ्यापूर्वी छताचे पत्रे बदलतात तेव्हा हे सगळे विसरतात. जुना सिमेंटचा पत्रा किंवा उजेडासाठीचा फायबरचा पत्रा पायाखाली फुटतो आणि पोरगा वीस फुटांवरून काँक्रीटवर येतो. पत्रे बदलणं हा तुमच्या धंद्याचा भाग आहे की नाही यावर वकील पुढे वर्षानुवर्षं भांडतील. तोवर वर आडव्या फळ्या टाकायला लावा, आणि पट्टा नुसता कमरेला नको, दोरीला अडकवलेला हवा.

एवढं करूनही अपघात झालाच, तर इस्पितळात सोडून आल्यावर त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा, मेलवर, पोच घेऊन. जखमी माणसाच्या घरी रोज कुणीतरी जात राहील हे बघा. प्राधिकाऱ्याकडे जाणारे निम्मे वाद, माझ्या मते, मालक भेटायलाच आला नाही या रागातून सुरू होतात. तो बरा होऊ लागला की डॉक्टरांना विचारून तपासणीचं किंवा स्टोअरचं हलकं काम द्या. त्याला पूर्ण पगार सुरू होतो आणि तुम्ही देत असलेली अर्धमासिक भरपाई थांबते. आणि पैसे महिन्याच्या आत भरा. उशीर झाला की वर्षाला 12 टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. दंड विमा कंपनी भरत नाही. व्याजाचं काय ते पॉलिसीच्या अटींत वाचून घ्या, काही पॉलिसींत तेही वगळलेलं असतं. रकमेवर वाद असेल तर जेवढी तुम्हाला मान्य आहे तेवढी लगेच जमा करा आणि उरलेल्याचं प्राधिकाऱ्यापुढे बोला.