जागावाटपाच्या पलीकडचा पक्ष

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात एका माजी आमदारांनी केलेल्या भाषणाचा मुख्य भाग)



शेतकरी कामगार पक्षाला भवितव्य आहे काय, असा प्रश्न आपण मला विचारला आहे. मी आज कोणत्याही पदावर नाही आणि कोणत्याही पदाचा इच्छुकही नाही. तेव्हा कोणाची मर्जी राखून उत्तर देण्याचे मला कारण नाही.

प्रथम आकड्यांना सामोरे जाऊ. १९६७ साली विधानसभेत आपले १९ सदस्य होते. १९७८ मध्ये १३, २०१४ मध्ये ३, आणि २०१९ व २०२४ मध्ये प्रत्येकी एक. या ऱ्हासाचे खापर कोणी पैशावर फोडतात, कोणी जातीवर. दोन्ही कारणे खरी आहेत, पण अपुरी आहेत. १९६७ सालीही साखर कारखाने आणि जिल्हा परिषदा बहुतांशी काँग्रेसच्याच हाती होत्या. तरीही लोक आपल्याकडे येत, कारण त्यांच्या लढ्यात आपण त्यांच्या आधी उभे असू.

१९७२च्या दुष्काळात कामाच्या मागणीसाठी मोर्चे निघाले. रोजगार हमीची कल्पना काँग्रेसचे वि. स. पागे यांची, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु तिला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले त्यामागे विरोधी पक्षांचा रस्त्यावरचा रेटाही होता. १९८४च्या जानेवारीत उरणच्या भूमिपुत्रांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीसाठी लढा दिला. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले.

आता आजच्या राजकारणाकडे पाहा. २०२२ साली शिवसेना फुटली, २०२३ साली राष्ट्रवादी काँग्रेस. पक्ष कोणाचा, हे आमदारांच्या संख्येवर ठरू लागले. २०२४ साली निवडणुकीच्या तोंडावर शासननिर्णयाने महिना दीड हजार रुपयांची लाडकी बहीण योजना आली. त्या पैशाची टवाळी आपण करू नये. गरिबाच्या घरात त्याचे मोल मोठे आहे. पण फरक समजावून सांगावा. रोजगार हमीच्या कायद्याने मजुराला काम मागण्याचा आणि ते न मिळाल्यास बेकार भत्ता मागण्याचा हक्क दिला होता. शासननिर्णयाने दिलेले दुसऱ्या शासननिर्णयाने काढून घेता येते. हक्क आणि मेहेरबानी यांतील हे अंतर सांगणारा पक्ष महाराष्ट्राला हवा आहे. आपल्या भवितव्याची जागा तेथे आहे.

मात्र ती जागा आघाडीच्या बैठकीत मिळणार नाही. मोठ्या पक्षांशी युती जरूर करावी, पण त्यांच्या भरवशावर संसार मांडू नये. २०२४ साली सांगोल्यात आघाडीतील मित्रपक्षाचाच उमेदवार समोर उभा होता. तरीही तेथील जनतेने आपला उमेदवार निवडून दिला. उमेदवार गणपतराव देशमुखांचे नातू होते. अकरा वेळा निवडून आलेल्या आजोबांची पुण्याई त्या विजयात होती, हे कोण नाकारील? परंतु पुण्याई ही मागच्यांनी ठेवलेली ठेव आहे. तिच्यात नवी भर पडली नाही, तर ती एक दिवस सरते. दोन-चार तालुके आणि दोन-चार घराणी एवढ्यावर राज्याचा पक्ष उभा राहत नाही.

म्हणून माझे सांगणे थोडे आहे. उमेदवार ठरविताना शाखेच्या सभासदांचे मत घ्या. ते घराण्याविरुद्ध गेले तरी माना. पक्षाच्या नावातला ‘कामगार’ आज कंत्राटदाराच्या हजेरीपटावर आहे, उसाच्या फडात कोयता घेऊन उभा आहे. त्याला सभासद करून घ्या आणि समितीत बसवा. अन् वर्षातून एक तरी लढा असा द्या, ज्यातून लोकांच्या पदरात लेखी हक्क पडेल.

हे झाले, तर किती जागा मिळतील हे मी सांगू शकत नाही. हे झाले नाही, तर मिळालेली जागाही पक्षाची राहणार नाही, एवढे मात्र निश्चित सांगतो, आणि आपली रजा घेतो.