तुरुंगातून कायद्याच्या वर्गात

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात अँगोला नावाचा तुरुंग आहे. न केलेल्या खुनासाठी जन्मठेप भोगणारे कॅल्विन डंकन तिथे स्वतः कायदा शिकून इतर कैद्यांची अपिलं लिहीत. त्या राज्यात बारापैकी दहा ज्यूरी सदस्यांनी दोषी म्हटलं तरी शिक्षा होई. दोघांची शंका वाऱ्यावर! डंकन यांना हे पटेना. २०११ साली सुटल्यावरही ते असे खटले हुडकून वरच्या न्यायालयात न्यायला वकिलांच्या मागे लागत. याचिका फेटाळल्या गेल्या, तरी थांबले नाहीत. अखेर २०२० मध्ये रामोस नावाच्या अशाच एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गंभीर गुन्ह्यांसाठी ज्यूरींचं एकमत बंधनकारक केलं. सुटकेनंतरही डंकन कागदोपत्री दोषीच होते; २०२१ मध्ये त्यांना दोषी ठरवणारा निकालही रद्द झाला. तेव्हा ते ओरेगॉनमध्ये कायद्याचे विद्यार्थी होते. साठीच्या सुमारास, २०२३ मध्ये, त्यांनी पदवी घेतली.