सही करण्याआधी
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या घराघरांतली माणसं तळोजा एमआयडीसीत कामाला जातात. काम सुटताना पुष्कळदा एक कागद पुढे येतो, "राजीनाम्यावर सही कर, हिशेब घेऊन जा." आपण सही करतो आणि तिथंच हरतो. राजीनामा म्हणजे मी स्वखुशीने गेलो. मग कपातीची भरपाई कशी मागणार?

७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत बाबासाहेब कामगारांच्या संपात उतरले, ते संपाचा हक्क आवळणाऱ्या बिलाविरुद्ध. त्यांनी बिल वाचलं होतं. आपणही कागद वाचूया.

नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला कमी करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. कामावरून काढलं तर समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करा. ४५ दिवसांत निकाल लागला नाही तर न्यायाधिकरणात जाता येतं. मात्र काढल्यापासून २ वर्षांच्या आत. दडपणाखाली सही घेतली असेल तर लगेच लेखी तक्रार करा.

माता-भगिनींनो, नेमणूकपत्र, हजेरीकार्ड, पगाराच्या पावत्या मुलांच्या दाखल्यांइतक्याच जपा. वेळ येईल तेव्हा तेच आपले साक्षीदार.

जयभीम! नमो बुद्धाय!