गंगेसाठी वाढविलेली पिले

काशीच्या ब्रह्माघाटावरील मराठी वस्तीत माझे बालपण गेले. एकदा एका मल्लाहाने मला जुन्या रुपयाएवढे, कठीण पाठीचे कासवाचे पिलू दिले. आजीने ते घंगाळात ठेवले, आणि आम्ही त्याला मोठ्या प्रेमाने दूधभात घातला. घंगाळ अर्थातच माजघरात, अंधारात. दोन महिन्यांत त्याची पाठ भिजल्या पापडासारखी मऊ झाली आणि ते गेले. चुना आणि ऊन यांवाचून कासवाची ढाल घट्ट होत नाही, हे आम्हांस फार उशिरा कळले.

ही विद्या सारनाथच्या कासव-केंद्रात मात्र नीट जोपासली गेली. १९८६ साली गंगा कृती योजना सुरू झाली. अर्धवट जळालेली प्रेते व कुजके मांस खाणारी मऊ पाठीची कासवे वाढवून नदीत सोडावी, असे तिच्या कर्त्यांनी ठरविले. अंडी चंबळेच्या काठाहून येत. आतला गर्भ लवकरच कवचाच्या वरच्या बाजूस चिकटतो. त्यानंतर अंडे उलटले तर तो दगावतो. म्हणून वरची बाजू वरच राखून ते हलवावे लागते.

पिलू बाहेर आले तरी पहिले काही दिवस त्याला भूक नसते. पोटाशी उरलेल्या बलकावर त्याचे भागते. मग मासळीचे बारीक तुकडे. पाणी उथळ हवे, तळाशी दडायला वाळू हवी, आणि कोठेतरी ऊन पडले पाहिजे. उरलेले अन्न काढले नाही तर पाणी नासते व कातडीवर बुरशी धरते. गर्दीत ती एकमेकांस चावतात. मेक्सिकोतील अ‍ॅक्सोलोटलची पिलेही भावंडांचे पाय तोडतात. पण त्यांना पाय पुन्हा फुटतात, कासवास ती सवलत नाही!

१९८९ साली रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंत ७ किलोमीटर गंगा कासव-अभयारण्य ठरली. २०२० मध्ये तो दर्जा काढून घेण्यात आला. सरकारी नोकरीत आयुष्य गेल्यामुळे असे निर्णय कागदावर किती सुटसुटीत दिसतात, ते मी जाणतो. परंतु हौदात पिलू वाढविणे हे निम्मेच काम आहे. त्याला पुढे उन्हात बसावयास आणि अंडी घालावयास निवांत वाळू लागते. ती हौदात करून देता येत नाही.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या मुलाने तसेच एक पिलू आणले. १९७२ च्या कायद्याने ते घरी ठेवता येत नाही. आम्ही ते ओल्या फडक्यात गुंडाळून वन खात्याकडे पोहोचविले. वाटेत त्याने विचारले, "काका, याला काय खायला देऊ?" मी म्हटले, "दूधभात सोडून काहीही विचार."