गोदावरीवरची अंबाडी



राजमहेंद्रीहून आम्ही लाँचने पापिकोंडलूच्या डोंगरांकडे निघालो. केवढे ते पात्र! आपली नांदेडची गोदामाई ती हीच का, असे वाटले. दुपारी शेजारच्या बाईंनी घरचा डबा उघडला. १९५६ पर्यंत आपण हैदराबाद राज्यातले. तेलुगू थोडी कळतेच. गोंगुरा म्हणाल्या. चाखला, तर आपली अंबाडीच की हो!

त्या पाला तेलात परतून लाल मिरची-लसणाबरोबर वाटतात, भाताशी खातात. आपण तुरीची डाळ व ज्वारीच्या कण्या घालून शिजवतो, वर लसणाची फोडणी, जोडीला भाकरी. तिकडे ती लग्नाच्या पंगतीत मिरवते. भोकरात मात्र पाहुणे आले की आपण झाकून ठेवतो. का बरे?

बाईंनी कण्यांचे प्रमाण आवर्जून विचारले. वाटीभर डाळीला मूठभर, मी सांगितले.